ऐकू येतं की वाटतं

माझ्या कानात शिट्टी वाजू लागली तेव्हा मी अहेरीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. पावसाळा सरता सरता मला हिवताप आला. त्या मुलखात तो येणारच. एखाद्या वर्षी आला नाही तर लोक काळजीनं विचारत, बाई, बऱ्या आहात ना? दवाखान्यात कोयनेलच्या गोळ्यांना तोटा नव्हता आणि मला अंथरुणात पडून राहायची सवय नव्हती. दोन बायांचे दिवस भरत आले होते. मी गोळ्यांवर गोळ्या गिळल्या. ताप उतरला आणि त्याच्या जागी ही शिट्टी येऊन बसली.

कोयनेलनं कान वाजतात हे मला ठाऊक होतं. कितीतरी रोग्यांना मी स्वतःच तोंडावर सांगितलं होतं, "वाजू द्या, चार दिवसांत थांबेल." माझं चार दिवसांत थांबलं नाही, दिवाळी गेली तरी थांबलं नाही. चुलीत ओलं लाकूड घातलं की ते एका सुरात चिरकतं ना, तसा आवाज. ओलं लाकूड निदान जळून तरी जातं. जेवताना, औषध मोजताना, कुणी समोर बसून आपलं दुखणं सांगत असताना मी गोमाशी झटकावी तशी मान झटकायची. लोकांना वाटे, बाईला राग आलाय. तो आलेलाच असे.

दवाखान्यातल्या आयाला सगळेच मावशी म्हणत. अंगानं किरकोळ, जिभेनं तिखट, आणि कुठल्याही दुखण्याचं कारण तिच्याकडे डॉक्टरांच्या आधी तयार. "किडा शिरला असन कानात," ती म्हणाली. "मोहाच्या दिवसाईत माह्या दिराच्या कानात शिरला होता." तिनं आपला कान माझ्या कानाला भिडवला, श्वास रोखून ऐकलं आणि निकाल दिला, "मले तर काईच आयकू नाई येत, बाई." मग लसूण घालून कोमट केलेलं तेल तिनं माझ्या दोन्ही कानांत ओतलं. शिट्टी तशीच राहिली, उशीचा अभ्रा तेवढा वास मारू लागला.

डॉक्टरसाहेब म्हणाले, दुर्लक्ष करा. या कानानं ऐका आणि त्या कानानं सोडून द्या. स्वतःच्या विनोदावर ते बराच वेळ हसले. मी हसले नाही, कारण शिट्टी दोन्ही कानांत होती आणि सोडायला तिसरा कान नव्हता.

मला खरी भीती होती ती एका लाकडी नळीची. गरोदर बाईच्या पोटावर एक तोंड आणि आपल्या कानाला दुसरं तोंड लावून बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकायची ती नळी. शिकत असताना आम्हाला सांगत, उशीखाली घड्याळ ठेवलं की जसं ऐकू येतं तसे ठोके येतील, ते नीट ओळखायला शिका. मी शिकले होते. अहेरीपासून कितीतरी कोस आत, जिथं डॉक्टर वर्षातून एकदा पोचायचा, तिथं बैलबंडीनं जाऊन मी ती नळी लावली होती. मूल ठीक आहे का, बाईला अहेरीला हलवायची का, थांबायचं का, हे सगळं त्या नळीतून जे ऐकू येई त्यावर ठरे. आता नळी लावली की आधी शिट्टी ऐकू येई आणि तिच्या पलीकडे कुठंतरी ठोके. ते खरंच ऐकू येतात की मला तसं वाटतं? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला आणि मग कशातच लक्ष लागेना.

त्यातच मावशीची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिला एटापल्लीकडच्या एका गावात दिली होती. मावशीनं तिला आल्या दिवशीच माझ्यापुढं उभं केलं. "ही आता तुमच्या सोपुर्त," ती म्हणाली. एरवी सतत टोमणे मारणारी मावशी त्या दिवशी इतकी गंभीर झाली की मलाच अवघडल्यासारखं झालं.

शेवटी मी डॉक्टरसाहेबांकडून चिठ्ठी घेतली आणि नागपूरला गेले. तिथल्या मोठ्या इस्पितळात कान तपासायचं यंत्र नवीनच आलं होतं. एका बंद खोलीत मला खुर्चीवर बसवलं आणि दोन्ही कानांवर काळी झाकणं चढवली. यंत्र चालवणारे गृहस्थ म्हणाले, "आवाज आला की बोट वर करायचं. अगदी बारीक आला तरी." सुरुवातीचे आवाज जाड, घुमणारे होते. ते हळूहळू बारीक होत गेले आणि मग शिट्टीच्या वस्तीत शिरले. तिथं यंत्राचं काय आणि माझं काय, हे नीट उमजेना. तरी माझं बोट वर होत राहिलं आणि समोरचे गृहस्थ समाधानानं कागदावर खुणा करत राहिले.

कागदावर वरच्या अंगाला एक सरळ रेषा आली होती. तिथल्या कानाच्या डॉक्टरांनी ती पाहिली आणि म्हणाले, "सोळा वर्षांच्या मुलीचे कान आहेत. शिट्टी मनाला लावून घेऊ नका." ती मनात नव्हती, कानात होती, पण मी वाद घातला नाही. मी खूश होते. रेल्वेनं बल्लारशा, तिथून पुढं सर्व्हिस मोटार, वैनगंगेवर नाव, पलीकडे पुन्हा मोटार, असा सगळा प्रवास मी हसऱ्या तोंडानं केला. मावशीला निकाल सांगितला तर ती म्हणाली, "म्हंजे कान नवे करकरीत, अन् शिट्टी फुकटात!"

ही खुशी फार टिकली नाही. देवीची लस टोचून घ्यायला एक बाई आपलं तान्हं घेऊन आली. पोराच्या पायांत चांदीचे वाळे होते, वाळ्यांना बारीक घुंगरू. पोर मांडीवर जोरजोरात पाय झाडत होतं. घुंगरू हलताना मला दिसत होते. "मुके घातले वाटतं घुंगरू?" मी तिच्या आईला विचारलं. ती बिचारी गोंधळून माझ्याकडे पाहू लागली.

"काय जी बाई, इतले वाजून तर राह्यले!" मावशी म्हणाली.

मी लस टोचायच्या निमित्तानं खाली वाकले, अगदी पोराच्या पायापाशी कान नेला. उजव्या कानात काहीतरी खसखसलं. डाव्या कानात फक्त शिट्टी. लस टोचली, पोर रडलं, ते रडणं मात्र छान खणखणीत ऐकू आलं. मी हात धुतले आणि मागच्या पडवीत जाऊन उभी राहिले. ज्या बाईला घुंगरू ऐकू येत नाहीत तिनं नागपूरला त्याहून बारीक आवाजांना बोट वर केलंच कसं?

पुढचे काही दिवस मी स्वतःच आपले कान तपासत फिरले. बाजारच्या दिवशी कासाराच्या दुकानात उभी राहून बांगड्या हलवून पाहिल्या. चमच्यावर चमचा आपटून पाहिला. मावशी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहत होती. "बाई, तुमचं काईतरी बिनसलं हाय," ती म्हणाली. मी तिच्यावर खेकसले आणि मग वाईट वाटून तिला चहा करून दिला.

उत्तर मिळालं ते एका बाळंतपणात. कळ आली की बाईचं पोट दगडासारखं घट्ट होतं आणि बाळाचे ठोके त्याखाली बुडून जातात. कळ ओसरली की ते पुन्हा वर येतात. मधल्या वेळात ते मंदावले का, हे कळावं म्हणून मी त्यांचा ठेका बोटानं खाटेच्या कडेवर चालू ठेवायची. ठोके परत आले की बोट आणि ते जुळतात का बघायचं. ही युक्ती मला कुणी शिकवली नव्हती, हाताला आपोआप लागली होती. त्या दिवशी कळ ओसरली, ठोके आले, सगळं ठीक होतं. मी नळी कानापासून काढली, मावशीला गरम पाणी आणायला सांगितलं, आणि सहज खाली नजर गेली. नळी माझ्या मांडीवर होती आणि बोट खाटेवर आपलं ठकठक करतच होतं.

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली. मी मात्र हात धुताना त्या बोटाकडेच बघत राहिले. नागपूरचे ते गृहस्थ ठरावीक वेळानं आवाज सोडत होते. माझ्या बोटानं त्यांची लय पकडली होती, आणि जिथं आवाज ऐकू येईनासा झाला तिथंही सवयीनं, न चुकता, वर होत राहिलं होतं. शिट्टीनं त्याला वर साथही दिली होती. त्या यंत्रानं माझे कान मोजलेच नव्हते.

आणि मग यंत्राचं राहू द्या, नळीचं काय? इतके दिवस मी ज्या ठोक्यांवर विसंबून बायांना "काही काळजी करू नका" म्हणत होते, ते कानातले होते की बोटातले?

दुसऱ्या दिवशी मी मावशीच्या लेकीच्या पोटावर नळी ठेवली. शिट्टी. शिट्टीखाली ठोके. नळी काढली, पुन्हा ठेवली. हात मांडीखाली दाबून धरला आणि पुन्हा ऐकलं. होते. असावेत. ती पोरगी माझ्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होती.

"हाय ना जी, बाई?"

"आहे की!" मी इतक्या ठासून म्हणाले की माझाच त्यावर विश्वास बसेना. नंतर डॉक्टरसाहेबांना बोलावून त्यांना ऐकायला लावलं. ते म्हणाले, उत्तम आहे. पण डॉक्टरसाहेब महिन्यातले निम्मे दिवस दौऱ्यावर असत आणि पोरी काही त्यांचा दौरा बघून बाळंत होत नाहीत.

मी पुन्हा नागपूरला जाते म्हटल्यावर ते चिडलेच. "हातचं सोडून पळत्याच्या मागं कशाला लागता? तुमच्याकडे चांगला निकाल आहे. उद्या यंत्रानं कान वाईट म्हटलं तर मी तुम्हाला बाळंतपणाला कसा ठेवू? आणि तुमच्या जागी या जंगलात येतंय कोण?"

"वाईट असतील तर ठेवू नका," मी म्हणाले. बोलायला बोलून गेले. खोलीवर आल्यावर वाटलं, या कामाखेरीज मला येतं काय? मला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं. ते काम मला आवडत होतं.

नागपूरला तीच खोली, तेच गृहस्थ. मी त्यांना सरळ सांगितलं, मागचा निकाल माझ्या बोटानं दिला, या वेळी बोट नको. मी दोन्ही हात बुडाखाली घेऊन बसते, तुमच्याकडे पाठ करते, आणि आवाज आला तरच तोंडानं "हो" म्हणते. तुम्ही ठरावीक वेळानं आवाज सोडू नका. वाटेल तेव्हा सोडा, वाटेल तितकं थांबा. त्यांना हे रुचलं नाही. आजवर कुणी आपला चांगला निकाल मोडायला आलं नव्हतं, असं ते म्हणाले. पण त्यांनी काम चोख केलं. शिट्टीच्या वस्तीत आल्यावर तर त्यांनी आवाज तुटक तुटक सोडला. माझी शिट्टी अखंड होती, त्यामुळे त्या दोहोंतला फरक मला पहिल्यांदाच कळला. मधे एकदा ते इतका वेळ गप्प बसले की मी घामाघूम झाले. आवाज येत नाहीये की मला ऐकू येत नाहीये? "हो" म्हणायची ऊर्मी घशापर्यंत आली होती. मी ती गिळली.

कागद हातात आला तेव्हा मला हायसं वाटलं. रेषा डावीकडून थोडी सरळ आली होती आणि उजवीकडे चांगली उतरत गेली होती. आयुष्यभर तापाचे तक्ते भरलेली बाई मी. रेषा उतरली म्हणजे रोगी बरा झाला, हे माझ्या हाडात मुरलेलं. "उतरलीय की छान!" मी डॉक्टरांना म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मग त्यांना हसू आवरेना.

"बाई, हा तापाचा तक्ता नाही. इथं वर राहील ते चांगलं. जितकं खाली जाईल तितकं ऐकणं गेलं."

माझा चेहरा बघून त्यांनी हसणं थांबवलं आणि खुर्ची जवळ ओढली. असं समजावून सांगणारे डॉक्टर मी फार थोडे पाहिले. कागदाच्या डाव्या टोकाला जाड आवाज, ते म्हणाले. ढोल, पुरुषाचा खाकरा, जमिनीवर टाकलेलं पाऊल. जसजसे उजवीकडे जाल तसतसे बारीक. पाखरांची किलबिल, घुंगरू, बायकांच्या बोलण्यातले स आणि श. तुमचं हे उजवीकडचं गेलं आहे, कोयनेलनं गेलं आहे, आणि ते बहुतेक परत यायचं नाही. जिथं ऐकणं गेलं तिथंच ही शिट्टी येऊन बसली आहे. तीही जाईल असं मी म्हणणार नाही.

"आणि बाळाचे ठोके?" मी विचारलं.

त्यांनी पेन्सिल उचलली आणि कागदाच्या डाव्या टोकावर टेकवली. "ते इथं. नळीतून येणारे ठोके जाडच असतात. आणि इथं तुमच्या रेषेत काही खोट नाही."

मी त्यांना पुन्हा विचारलं. मग डाव्या कानाचं वेगळं विचारलं, उजव्याचं वेगळं. बाई लठ्ठ असेल तर? पोटात पाणी जास्त असेल तर? शिट्टी वाढली तर? ते शांतपणे उत्तरं देत राहिले. शेवटी म्हणाले, "नळीतून तुम्हाला जे ऐकू येईल ते खरं धरा. बोट तेवढं स्वस्थ ठेवा." मग मात्र मी त्यांच्यासमोर पदर तोंडाला लावून रडले. इतक्या महिन्यांत मी एकदाही रडले नव्हते, नुसती खेकसत होते.

परतीच्या वाटेवर शिट्टी सोबत होतीच. नावेत, मोटारीत, सागवनातल्या त्या संपता न संपणाऱ्या रस्त्यावर. मला तिचा राग येत होता, पण भीती वाटत नव्हती. मोटारीत मी तो कागद काढून पुन्हा पुन्हा बघत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, पोराची कुंडली हाय का? मी म्हटलं, माझीच आहे. चांगली हाय का, तिनं विचारलं. मी म्हटलं, कामापुरती चांगली आहे.

अहेरीत मोटार दुपारी पोचली. दवाखान्याच्या पायरीवर मावशी बसली होती. ती मला बघून उठली. डॉक्टरसाहेब सिरोंच्याला गेले होते. लेकीला परवा हुडहुडी भरून ताप आला होता, तो उतरला होता, आणि "कालपासून पोटातलं हालून नाई राह्यलं म्हनते," एवढंच तिनं सांगितलं. मी पिशवी तिथंच टाकली.

पोरगी खाटेवर पडली होती. मी हात धुतले, तिच्या पोटावरून हात फिरवून बाळाची पाठ शोधली, जिथं ठोके सगळ्यात स्पष्ट यायला हवेत तिथं नळी ठेवली. दुसरा हात मांडीखाली घेतला. डोळे मिटले.

शिट्टी वाजत होती. तिच्याखाली आईची नाडी ऐकू आली, तापानं थकलेली, संथ. तिच्या पोटातली गुरगुर ऐकू आली. मावशीनं पाय हलवला तो जमिनीवर घासलेला ऐकू आला. मी नळी सरकवली. खाली, मग डावीकडे, मग बेंबीच्या वर. दुसरा कान लावला. पुन्हा पहिला. मला घाई नव्हती, मला ती जागा सोडायचीच नव्हती. प्रत्येक ठिकाणी आईची नाडी आली. बाळाचे ठोके कुठंच आले नाहीत.

मान वर केली तेव्हा दोघी माझ्याकडे पाहत होत्या. मावशीनं माझ्या चेहऱ्यावरून काय ते ओळखलं असावं, कारण ती घाईघाईनं बोलू लागली.

"तुमच्या कानात ते शिट्टी हाय ना, बाई. तिच्यानं आयकू नसन येत तुमाले. मांगं पन तुमाले नीट आयकू नाई आलं. तुमीच तर मंग सायबाले बलावलं होतं. आले होते का नाई ठोके?"

"हो ना जी, बाई?" पोरगी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर मावशीच्या बोलण्यानं थोडा उजेड आला होता. "शिट्टीनंच असन."

डॉक्टरसाहेब यायला दोन दिवस होते. मी नुसती मान डोलावली असती तरी त्या दोघींना ते दोन दिवस मिळाले असते. मलाही मिळाले असते. आठवड्यापूर्वी, कानांची खात्री नसताना, मी खरोखरच मान डोलावली असती, आणि ते खोटंही ठरलं नसतं.

मी नळी खाली ठेवली आणि मावशीचा हात धरला.

"कानाचं काही नाही, मावशी," मी म्हणाले. "मला सगळं ऐकू येतंय."